पावर बंद

"परत गेलं," रेश्मा म्हणाली.

तिनं लॅपटॉपच्या कडेची वायर उपसली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खुपसली. माझ्या उजव्या अंगठ्याखालचं चपटं बटण काढून स्वतःच्या बोटानं दाबून बघितलं. पडद्यावर अक्षरांची एक ओळ पिवळी झाली.

"चालतंय की. सर, आता तुम्ही दाबा बघू."

बटण पुन्हा माझ्या अंगठ्याखाली आलं. मी दाबलं, थांबलो, पुन्हा दाबलं. पडद्यावर 'भ' उमटला. रेश्मानं टाळी वाजवली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे वळून म्हणाली, "बघा त्रिशलावहिनी, नाव लिहितायत."

'र'ही आला. मग अंगठा दमला. जरा विसावा घ्यावा म्हणून मी थांबलो, आणि पुन्हा दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. पिवळी पट्टी ओळींवरून खाली सरकत तळाला गेली आणि वरून पुन्हा सुरू झाली. मी दाबत होतो. ती थांबत नव्हती.

"थकले," रेश्मा म्हणाली. "पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं."

मी थकलो नव्हतो. बटण मेलं होतं. आणि ते का मेलं असेल याचा मला थोडा थोडा अंदाज येत होता, कारण बारा वर्षं माझं पोट याच कामावर चाललं होतं.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. इचलकरंजीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, अजूनही आहे. सूत व्यापाऱ्यांची ऑफिसं, शाळा, दवाखाने, सगळीकडे माझी ये-जा. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला मला दोन दिवस जुलाब झाले, बरे झाले. आठ-दहा दिवसांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर उचलून दुकानाची पायरी उतरताना गुडघे दुमडले आणि मी प्रिंटरसकट खाली बसलो. दुसऱ्या दिवशी उठता येईना. चौथ्या दिवशी श्वास घेता येईना. मला मिरजेला हलवलं आणि गळ्याला भोक पाडून मशीनला जोडलं.

डॉक्टर हेरवाडकरांनी माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं होतं, "मगदूम, तुमच्याच शरीरानं तुमच्या नसांवरचं आवरण खाल्लंय. ते परत येतं. महिने लागतात, पण येतं. तुम्हाला सगळं ऐकू येतंय हे मला माहीत आहे."

सगळं ऐकू येत होतं. सगळं दुखतही होतं. फक्त काहीच हलत नव्हतं. चेहरा गेला होता, पापण्या चिकटपट्टीनं अर्ध्या मिटवलेल्या होत्या, बुबुळं एका जागी थिजलेली. डोळे मिचकावून हो-नाही सांगायची सोयही नव्हती. जे डोळ्यांसमोर येईल तेवढंच दिसायचं; बहुतेक वेळ छताची एक चौकोनी फरशी. चाळीस दिवस मी ती फरशी बघत होतो.

चाळिसाव्या दिवशी शलोमी सिस्टरला अंग पुसताना माझा अंगठा हलल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी येऊन बघितलं, त्यांना तो दिसला नाही. "आपोआपचा झटका असेल," ते म्हणाले, "पण रेश्मा मुजावरला बोलवा." रेश्मा हातांचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट, पंचविशीतली. तिच्याकडे एक बटण होतं. कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींनी प्रकल्प म्हणून बनवलेलं, कागदाचा कपटा पडला तरी कळेल इतकं नाजूक. त्याची यूएसबी वायर लॅपटॉपला लावायची आणि लॅपटॉप माझ्या डोळ्यांसमोर येईल असा ठेवायचा. पडद्यावर अक्षरांच्या ओळी. पट्टी हव्या त्या ओळीवर आली की दाबायचं, मग ती ओळीतल्या अक्षरांवरून सरकते, हव्या त्या अक्षरावर पुन्हा दाबायचं. एका अक्षराला दोन दाब. काना, मात्रा वेगळी.

तो सोमवार होता. रेश्मा गेली आणि मी फरशीकडे बघत मनातल्या मनात वाक्य जुळवायला लागलो. मला नाव लिहायचं नव्हतंच. मला लिहायचं होतं, 'डावा पाय दुखतो.'

दुखायचं तर सगळं अंगच. पण शनिवारपासून डाव्या पोटरीत काहीतरी वेगळं सुरू झालं होतं. आत कुणीतरी गरम सळई धरून बसल्यासारखं. आणि रोज संध्याकाळी पाचला, भेटीच्या वेळेत, माझा थोरला भाऊ यायचा आणि माझे पाय चोळायचा.

आण्णा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. त्याला तिथं उभं राहून काय करावं ते सुचायचं नाही. म्हणून तो चादर वर करून पाय चोळत बसायचा, पोटरीपासून मांडीपर्यंत, पंधरा मिनिटं, हात दुखेपर्यंत.

"रक्त फिरायला पाहिजे रे भरत्या," तो म्हणायचा. "पाय विसरले तर चालतील कसे?"

त्याचे अंगठे डाव्या पोटरीत रुतायचे तेव्हा मला ओरडायचं असायचं. मशीन मिनिटाचे चौदाच्या चौदा श्वास एका लयीत देत राहायचं.

मंगळवारी मी 'ड' लिहिला. काना लिहिला. 'व' लिहिला. अंगठा दमला, थांबलो. बटण गेलं. रेश्मानं वायर काढून लावली, दाबून बघितलं, "चालतंय," म्हणाली, मग डॉक्टरांनी तिला हाक मारली म्हणून पाच मिनिटं गेली. ती परत आली तोवर बटण पुन्हा मेलेलं.

संध्याकाळी तिनं वहीत उतरवलेली अक्षरं आण्णाला दाखवली.

"डाव," आण्णानं वाचलं. "डाव? कसला डाव?" त्यानं पान उलटून बघितलं. "देवानं डाव साधला म्हणतोय काय?"

आणि त्यानं चादर वर केली.

"माझ्या टेबलावर दिवसदिवस चालतं हो हे," रेश्मा त्याला सांगत होती. "इथं आणलं की काय होतं कोण जाणे. वायर पण बदलून बघितली."

ते ऐकलं आणि मला चित्र लख्ख दिसलं. तिच्या टेबलावर लॅपटॉपला चार्जर लावलेला असणार. इथं माझ्या डोक्यामागचे सगळे सॉकेट मशीननं अडवलेले, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर. बॅटरीवर असला की कॉम्प्युटर वीज वाचवायला बघतो. जे उपकरण काही वेळ वापरात नाही त्याला तो झोपवून टाकतो. चांगल्या कंपनीचा माऊस असला तर हात लावला की जागा होतो. हे घरगुती बटण जागं होत नव्हतं. वायर काढून लावल्याशिवाय नाही. रेश्मा वायर लावल्या लावल्या दाबून बघायची, म्हणून तिला ते नेहमी जिवंत सापडायचं.

वायरचा दोष नव्हता, बटणाचाही नव्हता. सेटिंगमध्ये एका चौकोनात बरोबरची खूण असते, 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्यास परवानगी आहे' अशा अर्थाची. ती काढायची. दोन मिनिटांचं काम. हे मी किती गिऱ्हाइकांना जेवता जेवता फोनवरून सांगितलं असेल त्याला गणती नाही. आणि आता ते सांगायला माझ्याकडे तेच एक बटण होतं.

बुधवारी मी मशीनचे श्वास मोजले. शेवटच्या दाबानंतर बावीस श्वास झाले की बटण जायचं. म्हणजे बाविसाच्या आत काहीतरी दाबत राहिलं तर ते जागं राहील. दमलो तरी चालेल, कुठंही पट्टी असो, नुसता एक दाब द्यायचा. मला वाटलं, जिंकलो.

अर्धा तास मी दाबत राहिलो आणि ते एकदाही मेलं नाही. पडद्यावर शब्द तयार होत होता. डक्कावपपाकक. माझा 'डावा' त्यात होता. कुणी नीट बघितलं असतं तर दिसलाही असता. डॉक्टर हेरवाडकर रेश्माच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"हे बघा मॅडम," ते हळू आवाजात त्रिशलाला म्हणाले. "असं होतं. इतके दिवस या खोलीत काढले की डोकं भरकटतं. दिवस-रात्र कळत नाही, भास होतात. वाईट वाटून घेऊ नका. आपण झोपेचं औषध थोडं वाढवू. मेंदूला विश्रांती मिळाली की बघू."

"पण काल 'डाव' लिहिलं होतं त्यांनी," त्रिशला म्हणाली.

"काल होतं. आज हे आहे."

मी आणखी जोरात दाबलं. पडद्यावर आणखी तीन 'क' आले.

गुरुवार मला आठवत नाही. औषधानं तो पुसून टाकला.

शुक्रवारी रेश्मा आली तेव्हा माझं डोकं ओल्या कापसासारखं झालं होतं. ती त्रिशलाला सांगत होती की बटण एकच आहे, आणि सोमवारपासून दुसऱ्या वॉर्डातल्या एका बाईंना ते द्यायचं ठरलंय. "सरांना अजून थोडे दिवस जाऊ देत. मग परत आणते मी. आज एकदा शेवटचं बघू."

आण्णाही त्या दिवशी सकाळच्या भेटीला आला होता. तो आणि त्रिशला लॅपटॉपच्या पडद्यासमोर उभे होते.

मी विचार केला. पाय आधी लिहायचा की बटणाचं? पाय लिहायला घेतला आणि मध्येच बटण मेलं तर पुन्हा 'डाव'. बटणाचं सांगितलं तर रेश्माला कळेल, ती खूण काढेल, आणि मग मला दिवसभर लिहिता येईल. दुकानात मी हेच करायचो, आधी मूळ पकडायचं. रेश्माला कॉम्प्युटरची थोडी माहिती होती. दोन शब्द पुरे होते. पूर्ण वाक्य लिहायचं बळ अंगठ्यात नव्हतं. 'पावर सेव्ह बंद' यातला 'सेव्ह' हा शब्द मी गाळला. दहा दाब वाचवले.

'प'. काना. 'व'. 'र'.

"पावर," रेश्मा मोठ्यानं वाचत होती. "हां सर, पावर. पुढं?"

मी अठरा श्वास विसावा घेतला. एकोणिसाव्याला दाबलं. 'ब'. अनुस्वार. 'द'.

"पावर बंद," रेश्मा म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या अक्षरावर अडकला.

मला आणखी 'यूएसबी' लिहायचं होतं. निदान 'यू'. पट्टी त्या ओळीपाशी आली. अंगठा उठला नाही. पट्टी पुढं गेली, फिरून आली, पुन्हा गेली. बावीस श्वास झाले.

मशीन माझ्या छातीत हवा भरत होतं आणि सोडत होतं, आणि सगळ्यांच्या नजरा त्या मशीनकडे वळल्याचं मला न बघताही कळलं.

आण्णाच्या तोंडून आवाज निघाला. रडण्याचा नव्हे, पोटात बुक्की बसल्यावर निघतो तसा. चपला फरफटत तो बाहेर गेल्याचं ऐकू आलं.

"असं नाही हो करता येत," रेश्मा माझा हात धरून म्हणत होती. तिचे डोळे भरले होते. "सर, तुम्ही बरे होणार आहात. असं नाही लिहायचं."

मी दाबत होतो. दाबत होतो. बटण तिनं कधीच काढून घेतलं होतं, अंगठ्याखाली चादर होती.

संध्याकाळी आण्णा आणि त्रिशला दोघं आले. डॉक्टर दाराशीच त्यांना सांगत होते की असे विचार येणं स्वाभाविक आहे, त्यावर वेगळी गोळी सुरू करतोय, मशीन काही कुणी बंद करणार नाही, काळजी करू नका.

"ते बटण मात्र आता आणू नका, डॉक्टर," आण्णा म्हणाला. "मला नाही वाचवत ते."

मग तो पलंगाशी आला. "भरत्या," म्हणाला, "तू लहान होतास तेव्हा तुला पोहायला शिकवताना मी हात सोडला होता का? नाही ना? आता पण नाही सोडणार. तू काहीही लिही."

आणि त्या दिवशी त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ माझे पाय चोळले.

तो थांबला तेव्हा मी श्वास मोजणं सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी एकही श्वास मोजला नाही.

शनिवारी अकराच्या भेटीला त्रिशला एकटीच आली. ती पहिलीच्या वर्गाची बाई, शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणजे रजा टाकून आली असणार. माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा आला. झोपली नव्हती.

"काल घरी जाऊन मी खूप विचार केला," ती म्हणाली. "आमच्या वर्गातली पोरं अर्धाच शब्द लिहितात. 'आईनं मार' असं लिहून वही देतात. मारलं, का मारुती आणला, ते आपणच विचारायचं असतं. काल कुणी तुम्हाला विचारलंच नाही."

तिनं उजव्या हातातला, भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला घालावा लागणारा रबरी मोजा काढला.

"मॅडम, हातमोजा," शलोमी सिस्टर म्हणाल्या.

"मोज्यात कळणार नाही मला. हात परत धुते हवं तर, दहा वेळा धुते. पाच मिनिटं द्या."

सिस्टरनी पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला.

त्रिशलानं तिची तर्जनी माझ्या अंगठ्याखाली सरकवली. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मोज्याशिवाय माझ्या हाताला लागलेलं ते पहिलं माणूस.

"हो असलं तर एकदा दाबा. नाही असलं तर दोनदा. कळलं?"

मी एकदा दाबलं.

तिनं श्वास आत ओढला. "कळलं. मला कळलं." मग ती आणखी जवळ वाकली. बोलली तेव्हा तिचा आवाज वर्गात असतो तसा सरळ होता. "काल तुम्ही लिहिलंत पावर बंद. हे श्वासाचं मशीन बंद करा, असं म्हणायचं होतं तुम्हाला?"

मी एकदा दाबलं.

तिचं बोट हललं नाही. तीही हलली नाही. पडद्यापलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला कुणीतरी वळवत होतं, तो कण्हत होता. तिनं मला "हो ना?" म्हणून विचारलं नाही, सिस्टरना हाक मारली नाही. बोट तसंच धरून उभी राहिली.

मग मी दुसऱ्यांदा दाबलं.

"नाही," ती म्हणाली. "दोनदा. नाही." आणि तिचा सरळ आवाज मोडला. डाव्या हाताच्या बाहीनं तिनं तोंड पुसलं. "बरं. मग कशाची पावर? इथला दिवा डोळ्यांवर येतो का?"

दोनदा.

"एसी? थंडी वाजते?"

दोनदा.

"मग इथं पावरवर काय आहे आणखी... कॉम्प्युटर?"

एकदा. जेवढं बळ होतं तेवढं लावून, एकदा.

"कॉम्प्युटर! रेश्माचा कॉम्प्युटर! त्यात काही बिघडलंय?"

एकदा.

ती पडदा सारून बाहेर पळाली. शनिवारी रेश्माला सुट्टी होती, पण अर्ध्या तासात ती स्कूटरवरून लॅपटॉपची पिशवी घेऊन आली. त्रिशलानं पलंगाशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रेश्मा "पावर बंद, पावर बंद" असं दोनदा पुटपुटली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"पावर सेव्हिंग! अल्ला, पावर सेव्हिंग म्हणत होते ते! सर, यूएसबीचं पावर सेव्हिंग?"

त्रिशलाचं बोट माझ्या अंगठ्याखाली परत आलं होतं. "एकदा दाबलं," ती म्हणाली.

रेश्मानं डिव्हाइस मॅनेजर उघडला. काय काय करतेय ते ती मोठ्यानं बोलत होती, आणि मी छताकडे बघत तिच्याबरोबर चालत होतो. यूएसबीची यादी. एकेक हब, जिथून वायरींना वीज मिळते. पॉवर मॅनेजमेंट. "ही बघा खूण. काढली. दुसऱ्याची पण काढली. तिसऱ्याची पण." वायर लावली, बटण ठेवलं. "आता थांबा सर. मुद्दाम थांबा."

मी थांबलो. मोजले. पंचवीस श्वासांनी दाबलं. पट्टी सरकतच राहिली.

"गेलं," रेश्मा म्हणाली. तिचा चेहरा पडला.

"थांब," त्रिशला म्हणाली. तिनं बटण बाजूला करून पुन्हा बोट घातलं. "अजून काही राहिलंय का हो?"

एकदा.

"ह्याच यादीत?"

दोनदा.

"दुसरीकडं आहे म्हणतायत, रेश्मा. दुसरीकडं कुठं असतं?"

"दुसरीकडं..." रेश्मा नख चावत होती. "बॅटरीच्या चित्रावरून जातात ते? पॉवर ऑप्शन्स?"

एकदा.

"त्यात पुढं पुष्कळ आहे. हार्ड डिस्क, स्लीप, वायरलेस..."

त्रिशला एकेक नाव मला पुन्हा सांगायची. दोनदा. दोनदा. दोनदा. मग रेश्मा म्हणाली, "यूएसबी सेटिंग," आणि मी एकदा दाबलं. आत दोन ओळी होत्या, एक बॅटरीसाठी, एक चार्जरसाठी. बॅटरीवाली चालू होती. तिनं ती बंद केली.

या वेळी कुणी मला थांबा म्हणालं नाही. मी आपणहून थांबलो. बावीस झाले, तीस झाले, पन्नास झाले. रेश्मा दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. साठाव्या श्वासाला मी दाबलं आणि 'ट'ची ओळ पिवळी होऊन थांबली.

कुणी टाळी वाजवली नाही. मी 'ड' घेतला. काना. 'व'. काना. सावकाश, मध्ये विसावा घेत. 'प'. काना. 'य'.

"डावा पाय," त्रिशलानं वाचलं. मग तिच्या लक्षात आलं. "डाव नव्हतं ते!" तिनं चादर वर केली, दोन्ही पायांवरचे घट्ट मोजे खाली केले. मला ती दिसत नव्हती. "सिस्टर," तिचा आवाज आला. "हा पाय बघा. ह्या पायापेक्षा केवढा झालाय बघा."

तासाभरात सोनोग्राफीचं मशीन पलंगाशी आलं. पोटरीपासून मांडीच्या मध्यापर्यंत रक्ताची गुठळी होती. गुठळी होऊ नये म्हणून रोज इंजेक्शन चालू होतं, तरीही झाली होती. रात्रीपासून वेगळं औषध सुरू झालं.

डॉक्टर हेरवाडकर खुर्ची ओढून माझ्या डोळ्यांसमोर येतील असे बसले. "तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता तर मी काही करू शकलो नसतो," ते म्हणाले. "मगदूम, बुधवारी मी चुकलो." एवढं सरळ बोलणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

दाराशी ते आण्णाला सांगत होते, "पाय अजिबात चोळायचा नाही. हातही लावायचा नाही."

"मी रोज..." आण्णा म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

आण्णा आत आला तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मला ते बघवेना. मी रेश्माच्या बटणावर चौदा दाब देऊन लिहिलं, 'डोक चोळ'. अनुस्वार राहिला. त्यानं वाचलं, हसला, मग रडला, आणि मग खरंच माझं डोकं चोळायला लागला.

बटण सोमवारी दुसऱ्या वॉर्डातल्या बाईंकडे गेलं. सकाळी त्यांच्याकडे, दुपारी माझ्याकडे असं रेश्मानं ठरवलं. अडीच महिन्यांनी मशीन सुटलं. वर्षानं मी काठीवर दुकानात गेलो. उजव्या पायात अजून पट्टा घालावा लागतो, बाकी ठीक आहे.

हे सगळं लोकांना मी बऱ्याचदा सांगितलंय. त्यात बायकोनं युक्ती कशी काढली, रेश्मानं कपाळावर हात कसा मारला, हे सांगताना लोक हसतात, मीही हसतो. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, त्रिशलालाही नाही.

परवा दुपारी ती पाटावर बसून वर्गातल्या वह्या तपासत होती. मी समोर पायाचा पट्टा सोडत होतो. एकदम म्हणाली, "त्या दिवशी मशीनचं विचारलं तेव्हा तुम्ही एकदा दाबून थांबला होता. आठवतंय?"

"अंगठा दमला होता," मी म्हणालो. नऊ वर्षं तयार ठेवलेलं उत्तर होतं ते.

तिनं वहीवर खूण केली, वही बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"दमला नव्हता," मी म्हणालो.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "बोटाला कळतं."

पट्ट्याची बक्कल माझ्या हातात तशीच राहिली. थोड्या वेळानं मी विचारलं, "आणि दुसऱ्यांदा दाबलंच नसतं तर?"

"तर काय. बोट तिथंच ठेवलं असतं."

"भेटीची वेळ संपली असती. सिस्टरनं हाकललं असतं तुला."

"हो, हाकललंच असतं," ती म्हणाली. तिनं वही मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मग पाच वाजता परत आले असते, आणि पुन्हा विचारलं असतं."